कच्च्या प्रतीची फेरी

९ जून

चि. धाकट्या,

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. मनापासून द्यायला आज जरा वेळ लागेल.

तुझा लेख वाचला. तू तो पाठवला नाहीसच, आमच्या कुलगुरूंनी पाठवला. छत्तीस पानं, नीट स्टेपल करून, प्रत्येक विभागाला एक प्रत, आणि वर त्यांच्या हातची पिवळी चिठ्ठी: 'जरूर वाचावे. आपल्याबद्दलच आहे.' तू मोठ्या काळजीनं विद्यापीठाचं नाव लपवून 'संस्था ब' केलंस. त्याचा उपयोग एवढाच झाला की आता लिफ्टमनसुद्धा मला 'काय म्हणतंय आपलं ब?' असं विचारतो.

पान चौदावर 'एक मध्यमस्तरीय कारकून' येते. ती मी. कारकून! परिषद कक्षाची अधिकारी झाले तेव्हा बढतीचं पत्र आईला मोठ्यानं कोणी वाचून दाखवलं होतं? पदनाम दोनदा वाचलं होतंस, कौतुकानं. लेखात ते एकदा लिहायलाही तुझा हात आखडला.

आईला मात्र आनंद झालाय. 'माझी दोन्ही पोरं एकाच लेखात,' असं ती शेजारणीला सांगते. आत काय लिहिलंय ते मी तिला सांगितलेलं नाही.

तुझं म्हणणं थोडक्यात असं, की आमची विद्यापरिषद हा निव्वळ देखावा आहे. एकेचाळीस सदस्य सभागृहात येतात, पण ठराव आणि इतिवृत्त आठ दिवस आधीच टाइप होऊन पडलेलं असतं. सभेत कोणी तोंड उघडत नाही. माना डोलावतात, चहा पितात, जातात. विद्यापीठं अशा सभा भरवतात त्या काही ठरवायला नव्हे, तर चारचौघांत आपण विद्यापीठ म्हणून शोभावं यासाठी. आणि पुरावा म्हणून माझ्या तोंडी वाक्य: 'सगळं मीच लिहिते हो, ते नुसते बसतात.' असं मी म्हटलेलं नाही. तुला मी 'हो' म्हणून कशाला बोलेन?

तीन आठवडे माझ्या घरी राहिलास. शर्टाच्या खिशात ते रेकॉर्डिंगचं यंत्र ठेवून, माझी कागदांची पिशवी खांद्याला अडकवून माझ्यामागे पाच मजले चढलास. आणि लिहिलंस काय? 'कारकून विभागांमध्ये प्रती वाटत फिरते.' वाटत! मी काय जाहिरातीचे कागद वाटत होते का?

तुला ठाऊक असलेलं पुन्हा सांगते, कारण तू विसरलास असं दिसतंय. इतिवृत्ताची कच्ची प्रत मी सभेआधी टाइप करते ती भांडणासाठी. रुंद समास सोडून, दोन ओळींत ऐसपैस जागा ठेवून. मग ती घेऊन मी विभागाविभागांत जाते, आणि जाते ती खालून वर. आधी ज्यांना सभागृहात मागच्या रांगेत बसवतात ते, सगळ्यांत शेवटी पुढच्या रांगेतले मोठे प्राध्यापक. माझ्या आधीच्या अधिकाऱ्यांनी घालून दिलेली रीत आहे ही. मोठ्यानं काय लिहिलंय ते धाकट्याच्या नजरेला पडलं, की धाकटा पेन खाली ठेवतो. म्हणून धाकट्यानं आधी लिहायचं. आपापल्या टेबलाशी, आपल्या खुर्चीत बसून लोक माझ्याशी हमरीतुमरीवर येतात, खोडतात, समास भरून टाकतात. प्रत पाच-सहा वेळा बदलते. सभेला जाते ती सातवी. तोवर सगळ्यांचं सगळं म्हणून झालेलं असतं, म्हणून सभेत कोणी बोलत नाही. आणि सभा झाली की साऱ्या कच्च्या प्रती मी दोन साक्षीदारांच्या देखत फाडते, म्हणजे कोण काय म्हणालं होतं ते उद्या कोणाच्या अंगाशी येत नाही.

काल परिपत्रक निघालं. 'नुकत्याच झालेल्या संशोधनाच्या प्रकाशात' कोणताही ठराव किंवा मसुदा सभेपूर्वी सदस्यांकडे फिरवू नये. चर्चा सभागृहातच होईल. प्रकाश तुझा आहे, बरं का.

पुढची सभा २८ जुलैला आहे. विषय एकच: कर्णबधिर मुलांच्या शिक्षकांना शिकवणारा आमचा छोटा विभाग बंद करायचा. दोन शिक्षक, बावीस विद्यार्थी. विद्यापीठांच्या क्रमवारीत वर चढायचंय ना, आणि त्या विभागाचे शोधनिबंध शून्य. त्या विभागातल्या हिरव्या पेन्सिलीच्या बाई आठवतात का? तू त्यांच्या खोलीत अर्धा तास बसला होतास. त्या स्वतः ऐकू न येणाऱ्या. फेरीत त्यांच्याइतका समास कोणी भरत नाही. सभागृहात त्या काय करणार?

तुझं एक पत्र पुरे आहे. कुलगुरू तुझा लेख उशाशी घेऊन झोपतात म्हणे. त्यांना लिही, की फेरीत खरी चर्चा होते हे मी डोळ्यांनी पाहिलंय, फेरी बंद करू नका.

तुझी
ताई (मध्यमस्तरीय)

१८ जून

चि. धाकट्या,

तुझी चार ओळींची मेल मिळाली. मी कागदावरच लिहिणार. मेलमध्ये मला नीट रागावता येत नाही.

'लेखाचा अर्थ प्रशासन कसा लावतं त्यावर माझं नियंत्रण नाही.' बरं. 'सहभागींच्या गोपनीयतेमुळे क्षेत्रकार्यातलं अधिक काही उघड करता येणार नाही.' वा! गोपनीयता कोणाची, माझी? इथे लिफ्टमनला ठाऊक आहे ती कारकून कोण ते.

मी पत्रात काय मागितलं होतं? डोळ्यांनी पाहिलंस तेवढं लिही. त्यावर तू मला नियम शिकवतोस. तुझ्या प्रबंधाचं पान न् पान मी टाइप केलंय, त्यातल्या तळटिपासुद्धा. तेव्हा असलं काही बोलायचा नाहीस.

मग मीही आता आडपडदा ठेवत नाही. भाषा विभागातून आपण निघालो, ग्रंथालयाकडे जाणाऱ्या जिन्यावर होतो. तिथे नुकतंच त्या नव्या सहायक प्राध्यापिकेनं आपल्याच विभागप्रमुखांचा प्रस्ताव आडवा-तिडवा खोडून दिला होता, आणि वर 'सर येतील, लवकर पिशवीत घाला' म्हणाली होती. तू पिशवी खांद्यावर घेतलीस, तिसऱ्या पायरीवर थांबलास आणि म्हणालास, 'ताई, अगं खरी सभा तर ही आहे. वर सभागृहात होते ती नुसती सही.' शब्द न् शब्द सांगते. मला इतकं बरं वाटलं होतं की घरी येऊन आईला सांगितलं. यंत्रावरचा लाल दिवा चालू होता.

म्हणजे तुला कळलं होतं! न कळून लिहिलं असतंस तर मी समजून घेतलं असतं, हुशार माणसंही चुकतात. पण तुला कळलं आणि तू ते गाळलंस. का, ते मी सांगू? ते वाक्य घातलं असतं तर लेख उभाच राहिला नसता. 'देखावा' म्हणता आलं नसतं. आणि देखावा म्हणता आलं नसतं, तर तुमच्या संशोधकांच्या त्या मोठ्या परिषदेत तुला पहिल्या दिवशीचं भाषण कोणी दिलं असतं? आमच्या पुढच्या रांगेला नावं ठेवतोस आणि स्वतः पुढच्या रांगेसाठी धडपडतोस.

मेलच्या शेवटी लिहिलंयस, 'जिन्यावरचं बोलणं पूर्ण आठवून बघ, ताई.' मला आठवायला सांगतोस? एकोणीस वर्षं मी लोकांचं बोलणं कागदावर उतरवून काढतेय. मला सगळं आठवतं.

रेकॉर्डिंग पाठव. त्यात आमच्याच लोकांचे आवाज आहेत. गोपनीयता त्यांची, तर परवानगीही त्यांचीच. ती मी आणते.

ताई

५ जुलै

चि. धाकट्या,

सोबत एकेचाळीस संमतिपत्रं जोडली आहेत. मोजून घे.

मसुदा फिरवायला बंदी आहे, संमतिपत्र फिरवायला नाही. परिपत्रक मी चारदा वाचलं. म्हणून पिशवी घेतली आणि नेहमीसारखी खालच्या मजल्यापासून निघाले. या वेळी पिशवी धरायला कोणी नव्हतं, गुडघ्यांनी त्याची आठवण करून दिली.

पहिल्यांदा बाईंच्या खोलीत. त्यांनी कागद वाचला आणि समासात लिहिलं, 'माझा आवाज रेकॉर्डिंगमध्ये नाही. मग संमती कशाची?' मी त्यांच्या सोबतच्या सरांकडे, म्हणजे विभागातल्या दुसऱ्या शिक्षकांकडे बघितलं, बाईंच्या खुणा तेच बोलून दाखवतात. पण बाईंनीच पुढे लिहिलं, 'पेन्सिलीचा येत असेल. देते.' आणि सही केली. सही करताना इतकी दाबून केली की खालच्या कागदावर उमटली.

भाषा विभागातली ती सहायक प्राध्यापिका आता कायम झालीय. म्हणाली, "मॅडम, माझं ते खोडलेलं सरांना ऐकू जाईल ना?"

म्हटलं, "जाईल."

"मग जाऊ दे. नाहीतरी एक दिवस त्यांना कळायला हवंच." पण सही करायला तिनं दोन दिवस घेतले. मी तगादा लावला नाही.

रसायनशास्त्राच्या म्हाताऱ्या सरांचं तर तुला ठाऊकच. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय, दार बंद करून बोलतात. ते म्हणाले, "तुझ्या भावानं आमची चांगली शोभा केली. अगं, मी सभेत झोपतो असं लिहिलंय त्यानं."

"सर, तुम्ही झोपताच की."

"झोपतो! कारण माझं सगळं तुझ्याजवळ बोलून झालेलं असतं. हे लिही म्हणावं त्याला." सही केली, तारीख घातली आणि वेळसुद्धा घातली.

सहीबरोबर मी प्रत्येकाला दुसरंही विचारलं, विभाग बंद करण्याबद्दल काय वाटतं? कागदावर काही लिहिलं नाही, मनात मोजत गेले. एकोणतीस जण म्हणाले, बंद होता कामा नये. त्यात पुढच्या रांगेतले पाच. एक जण तर म्हणाले, असा विभाग घालवून आपण क्रमवारीत वर गेलो, तर ते वर जाणं लाज वाटण्यासारखं आहे. एकोणतीस, धाकट्या. फेरी असती तर हा ठराव सातव्या प्रतीपर्यंत टिकलाच नसता.

आता एक कबुली. मागे लिहिलं की ते वाक्य मी म्हटलेलं नाही. म्हटलं होतं. फक्त 'हो' नव्हतं, 'रे' होतं. 'सगळं मीच लिहिते रे, ते नुसते बसतात.' तू समोर बसून वहीत टिपत होतास, मोठमोठे शब्द वापरत होतास. मला वाटलं, आपणही कोणीतरी आहोत हे याला जरा दिसू दे. धाकट्या भावापुढे मिरवायला गेले. पण मिरवणं कोणतं आणि माहिती कोणती, एवढं ओळखायला तरी तू शिकला असशील असं मला वाटलं होतं. एवढ्यासाठीच तर तुला तिथे पगार देतात.

रेकॉर्डिंग २८ तारखेच्या आत आलं पाहिजे. कुलगुरूंपुढे ठेवते. संशोधनाच्या प्रकाशात फेरी बंद झाली, आता संशोधनाच्या आवाजात चालू होऊ दे.

आशीर्वाद. या वेळी थोडे मनापासून.

ताई

२० जुलै

धाकट्या,

संमतिपत्रं मिळाली म्हणतोस, ती तुझ्या विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीपुढे ठेवलीस, समिती ऑगस्टमध्ये बसेल. ऑगस्टमध्ये!

म्हणजे तुमच्याकडेही सभा भरते तर. तिथेही माना डोलावतात का? त्यावर कधी लिहिणार?

आठ दिवस उरलेत. एकेचाळीस माणसांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलंय की आमचं बोलणं उघड करा. राहिला बेचाळिसावा आवाज, तो तुझा. मला आता पक्कं वाटतं, तुला जपायचाय तो तोच. स्वतःची लाज झाकायला तू बाईंच्या पेन्सिलीच्या आड लपतोस. अरे, केसानं गळा कापतोस, तोही सख्ख्या बहिणीचा.

बाई रोज माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहतात. मी मान हलवते, त्या जातात.

आईनं विचारलं, 'त्याला लिहिलंस का?' म्हटलं, लिहिते, लिहिते, रोज लिहिते.

ताई

२९ जुलै

धाकट्या,

काल सभा झाली. अकरा मिनिटं लागली. तुझ्या नव्या लेखाला उपयोगी पडेल म्हणून सगळं व्यवस्थित सांगते.

सभागृह तेच. पुढच्या रांगेत अकरा खुर्च्या, प्रत्येकीपुढे माइक. मागे तीस, त्यांना माइक नाही. या वेळी कोणाच्या हातात कागद नव्हता. लोक कसे बसले होते सांगू? परीक्षेला पुस्तक न उघडता आल्यासारखे. कुलगुरू म्हणाले, "आज आपण प्रथमच खुली चर्चा करणार आहोत. मोकळेपणानं बोला." आणि एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

पुढच्या रांगेतले तिघे बोलले. तिघेही ठरावाच्या बाजूनं. मागच्या रांगेतून कोणी बोलायचं म्हणजे आधी उठायचं, पुढे चालत यायचं, कोणाचा तरी माइक मागायचा, आणि आपल्या विभागप्रमुखाकडे पाठ करून त्याच्या विरुद्ध बोलायचं. भाषा विभागातली ती मुलगी अर्धी उठली. तिचे सर वळून बघतायत हे तिला दिसलं. ती पदर सावरल्यासारखं काहीतरी करून पुन्हा बसली. रसायनशास्त्राचे सर जागे होते. मी त्यांना इतकं टक्क जागं कधी पाहिलं नव्हतं, पण तोंडात गुळणी धरलेली.

बाईंनी हात वर केला. कुलगुरू म्हणाले, "जरूर, जरूर." त्या पुढे आल्या. शेजारी सोबतचे सर, त्यांच्या खुणा बोलून दाखवायला. बाईंनी सुरुवात केली. सर बोलून दाखवताना दोन वाक्यं मागे पडत, बाई थांबत, मग पुन्हा सुरू करत. दुसऱ्या मिनिटाला कुलगुरूंनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "जरा थोडक्यात." ते सरांनी खुणेनं बाईंना सांगितलं. बाईंनी हात खाली घेतले. समासात त्यांनी चार पानं भरली असती. खुल्या चर्चेत त्यांच्या वाट्याला दोन मिनिटं आली, त्यातलं एक वाट बघण्यात गेलं.

"विरोधात कोण?"

चार हात. बाई, त्यांच्या सोबतचे सर, ग्रंथपाल आणि, तुला खरं वाटणार नाही, ती भाषा विभागातली मुलगी. एकोणतीस सांगितले होते मी तुला. मी मांडीवरचे पंचवीस हात बघत होते. ओळखीचे हात. याच हातांनी तीन आठवड्यांपूर्वी माझ्या कागदावर सह्या केल्या होत्या. मला त्यांचाही संताप आला, खोटं कशाला बोलू? पण माणूस आपल्या टेबलाशी जेवढा धीट असतो तेवढाच सगळ्यांसमोर असतो असं धरून चाललेला नियम कोणाचा? त्यांचा नव्हे.

"मग बाकी सर्व बाजूनं," कुलगुरू म्हणाले. चहा आला.

विभाग बंद. बावीस जणांना दुसरीकडे सामावून घेणार म्हणे. कुठे, ते कोणाला ठाऊक नाही. असा विभाग दुसरीकडे आहे कुठे?

आज सकाळी मी इतिवृत्त लिहून नेलं. अकरा मिनिटं, तीन भाषणं, एक अर्धवट निवेदन, चार हात विरोधात. कुलगुरूंनी लाल पेननं सगळं खोडलं आणि वर लिहिलं, 'सर्वंकष व खुल्या चर्चेअंती ठराव बहुमताने संमत.'

मी म्हटलं, "सर, सर्वंकष चर्चा झालेली नाही."

"मॅडम, ही भाषेची पद्धत असते."

"मी एकोणीस वर्षं सभेआधी लिहीत आले. पण न झालेलं कधी लिहिलं नाही."

"सही करा आणि विषय संपवा."

मी सही केली नाही. त्यांनी दुसऱ्याची घेतली. दुपारी माझ्या बदलीचा कागद आला. परीक्षा विभागाचं भांडार, तळघर, कोऱ्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. रागानं अंगाची लाही झाली, पण डोळ्यांतून एक टिपूस काढला नाही. बाई दारात उभ्या होत्या. त्यांच्यासमोर मी रडणार?

आता तुझं रेकॉर्डिंग ऑगस्टमध्ये आलं काय आणि नाही आलं काय. याउपर मला लिहू नकोस. आईला लिहीत जा.

१७ ऑगस्ट

धाकट्या,

लिहिणार नव्हते. पण रेकॉर्डिंग आलं.

तू सोबत एक अक्षर लिहिलं नाहीस. फक्त त्या जिन्याच्या दिवसाची ध्वनिमुद्रित फाइल आणि समितीचं परवानगीपत्र. आल्या आल्या मी ते भांडारात बसून ऐकलं. इथे दुपारी कोणी फिरकत नाही. बाईंच्या पेन्सिलीचा आवाज खरंच येतो, खरखर खरखर, दोन-दोन मिनिटं सलग. मग भाषा विभाग. मग जिना.

तुझं वाक्य आहे, जसंच्या तसं. 'खरी सभा तर ही आहे.' मी उड्या मारायच्या बेतात होते. मग मी हसलेली ऐकू येते. मग दोन पायऱ्या. मग माझाच आवाज, अगदी स्वच्छ:

'हे लिहू नकोस हं. कागदावर आलं की बंद पाडतील. शपथ घे.'

आणि तू: 'बरं बाबा. नाही लिहिणार. शपथ.'

मी पाच वेळा ऐकलं. मला यातलं एक अक्षर आठवत नव्हतं. तुझ्या वाक्याचा काना-मात्रा आठवत होता, आणि माझं मात्र पुसून गेलं होतं. 'पूर्ण आठवून बघ, ताई' म्हणालास तेव्हा तुझ्यावर किती तोंडसुख घेतलं मी! तू तेव्हाच सांगू शकला असतास. सांगितलं नाहीस, का, ते तू जाण. केसानं गळा कापला वगैरे जे लिहिलं ते मागे घेते.

सगळं नाही घेणार. तू शब्द पाळलास, मान्य. पण शब्द पाळून लेखही लिहिलास. खरी सभा लिहायची नाही असं ठरलं होतं, तर उरलेली खोटी आहे असंही लिहायचं नव्हतं. अर्धं तू माझ्यासाठी झाकलंस आणि अर्धं स्वतःसाठी उघडं केलंस. गप्पच बसला असतास तरी बाईंचा विभाग आज चालू असता. यावर तुला काही म्हणायचं असेल तर म्हण, मी वाचेन.

आता पुढचं सांगते. ठरावाविरुद्ध अपील करायला एक महिना असतो. बाई आणि त्यांच्या सोबतचे सर अपील करतायत. फेरीत काय व्हायचं याचा पुरावा म्हणून मी त्या संपूर्ण दिवसाचं रेकॉर्डिंग टाइप करून दिलं. अठरा पानं. आणि टाइप करताना, धाकट्या, मी जिन्यावरचं माझं वाक्य गाळलं. तुझं ठेवलं, माझं हसणं ठेवलं, आणि तिथून सरळ ग्रंथालय. मनाशी म्हटलं, विभाग वाचणं महत्त्वाचं. माझं ते वाक्य वाचून कुलगुरू म्हणतील, बघा, यांना स्वतःलाच लपवायचं होतं. सगळं पटण्यासारखं होतं. बोटं थांबलीसुद्धा नाहीत.

काल बाईंनी प्रत परत आणली. पान अकरावर हिरव्या पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'तुम्ही हसलात आणि एकदम दुसऱ्या इमारतीत. मधला जिना कुठे गेला?'

ज्या बाईंना यातला एकही आवाज ऐकू आला नाही, त्यांना ती जागा सापडली. मी त्यांच्यासमोर खाली बघत उभी राहिले. मग कागद घेतला आणि जे गाळलं होतं ते त्यांच्या देखत हातानं लिहिलं. त्यांनी वाचलं. मग लिहिलं, 'हेही अपिलात गेलं पाहिजे. नाहीतर बाकीचं कोण खरं मानेल?'

अपिलाची मुदत २८ तारखेला संपते. तुझा लेख ज्या नियतकालिकात आलाय, तिथे दुरुस्ती छापता येते, मी चौकशी केलीय. माझं वाक्य मी घातलंय, सहीसकट. आता तुझं तू घाल.

ताई